मामाचा अंगठा

माझ्या मामाने आयुष्यात किती दारं आपटली, किती ग्लास फोडले आणि किती माणसांना गोळ्या घातल्या, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. आणि हे सगळं एका खुर्चीत बसून! नाट्यगृहात बाल्कनीच्या मागे, अगदी वर, कपाटापेक्षा जरा मोठी अशी एक खोली आहे. पुढे काच, काचेखाली अंधारात बसलेली माणसं आणि त्यांच्या पलीकडे उजेडात रंगमंच. नाटकात फोन वाजला, पाऊस पडला, कुत्रं भुंकलं की ते मामाचं काम. पस्तीस वर्षं तो त्या खोलीत बसलाय. नटांना टाळ्या पडतात. मामासाठी कोणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. त्याचं काम नीट झालं की ते कोणी केलं हे कोणाच्या मनातही येत नाही, आणि चुकलं की सगळे माना वळवून वर बघतात.

आमच्या घरात सगळे तापट. आई तापट, माझं तर विचारूच नका. मामा तेवढा वेगळा निघाला. आईचा हा धाकटा भाऊ, लग्न केलं नाही, नाट्यगृहापासून चार गल्ल्यांवर एका खोलीत राहतो. गर्दीत कोणी पायावर पाय दिला तरी म्हणणार, "जाऊ दे गं, लक्ष नसेल त्याचं." आई करवादायची, "अरे, तुझा पाय आहे की पायपुसणं?" त्यावरही हा हसणार. मी त्याला मामा म्हणते, म्हणून की काय कोण जाणे, दिग्दर्शकापासून तिकिटं फाडणाऱ्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात.

त्याच्या कामाच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे बटणाकडे बघायचं नाही. डोळे रंगमंचावर, बटण हाताने चाचपून शोधायचं. "बटणाकडे बघितलं की तेवढ्यात नट हातचा जातो," असं तो म्हणायचा. दुसरी खोड अशी, की बटण दाबलं की आवाज कानाला लागेपर्यंत अंगठा उचलायचा नाही. जुन्या टेपरेकॉर्डरची बटणं जड होती, पुरती दाबून धरली नाहीत तर परत वर यायची. ती यंत्रं भंगारात जाऊन जमाना झाला, पण अंगठ्याला ते कोणी कळवलं नव्हतं.

आणि त्याची खरी करामत होती थांबण्यात. नट रोज सारखा बोलत नाही. आज एका वाक्यानंतर श्वासभर थांबेल, उद्या तीन श्वास. मामा नटाबरोबर थांबायचा. नटाचा हात ग्लासवरून सुटला की ग्लास फुटलाच पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. म्हातारे नट सांगायचे, "वर मामा असला की आपण मोकळे."

दोन वर्षांपूर्वी त्याचं जुनं यंत्र कायमचं बंद पडलं. नाट्यगृहाने त्याच्यापुढे कॉम्प्युटर आणि माउस ठेवला. दोन दिवसांत तो माझ्याकडे आला. "हा उंदीर अंधारात कुठे कुठे शोधत फिरू?" माझा धंदाच मोबाईलची अ‍ॅप लिहिण्याचा. मी म्हटलं, "मामा, तुझ्यासाठी मी करते ना!" टॅब घेतला आणि त्याने सांगितलं तसं अ‍ॅप लिहिलं. टॅब डाव्या हातात धरणार, अंगठ्याने काठ चाचपणार, म्हणून बटणं अगदी डाव्या काठाला चिकटून, वरून खाली एका रांगेत. दाबलं की बटण मंद उजळायचं, एवढीच सजावट. ऑफिसात टॅब टेबलावर ठेवून तर्जनीने टकाटक दाबून बघितलं. बोट लागलं की आवाज! मी इतकी खूश झाले की ऑफिसातल्या प्रत्येकाला दाखवून आले.

पहिल्या नाटकात सगळं सुरळीत पार पडलं. त्यात आवाज होते ते रातकिड्यांचे, लांबच्या शिट्टीचे, पावसाचे. पाऊस अर्धा सेकंद उशिरा आला तर कोणाचं काय बिघडतं?

मग दोन भावांचं नवं नाटक आलं. त्यात दारं आपटायची होती, काचा फुटायच्या होत्या, आणि शेवटी एक गोळी होती. थोरला भाऊ टेबलापाशी कप हातात घेऊन उभा असतो. आतल्या खोलीत धाकटा. थोरला म्हणतो, "दार उघडंच आहे," आणि कपाकडे बघत राहतो. किती वेळ बघायचं ते त्याचं तो ठरवतो. कप टेबलावर टेकतो, त्या क्षणी आत गोळी सुटते. सगळं नाटक त्या क्षणासाठी लिहिलेलं.

पहिल्याच प्रयोगांपासून आवाज मागे पडायला लागले. नाटकातली बाई दार आपटून आत जायची, प्रेक्षक तिच्याकडे बघायचे, आणि मग धाड! ग्लास खाली पडून तुकडे झालेले, आणि मग खळ्ळ. दिग्दर्शिकाबाई तोंडाच्या खमक्या, पण मामाला मानणाऱ्या. पहिल्यांदा त्या नुसत्या म्हणाल्या, "मामा, जरा सांभाळा." मामाने सांभाळलं म्हणजे काय केलं? तो आधी दाबायला लागला. नटाचा हात सुटायच्या आधी, वाक्य संपायच्या आधी. त्याने आवाज बऱ्यापैकी जागेवर आले, पण नट जर मध्येच थांबला तर पंचाईतच! आणि थोरल्या भावाचं काम करणारा नट थांबण्यासाठीच प्रसिद्ध.

व्हायचं तेच झालं. एका प्रयोगात कप अजून हवेत असतानाच गोळी सुटली. नट दचकला, कपातलं पाणी त्याच्या शर्टावर, आणि सातशे माणसं खो खो हसली. नाटकात एक माणूस मेला होता आणि लोक हसत होते. 

त्यानंतर मामाने काय काय केलं, ऐका. डोळे तपासून घेतले. कान तपासून घेतले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि सांगितलं, सगळं उत्तम आहे. रबराचा चेंडू आणून तो अंगठ्याने दाबत बसायचा, बसस्टॉपवरसुद्धा. प्रयोगाच्या दिवशी दुपारची झोप सोडली. आणि मी? मी अ‍ॅप लिहिणारी, दिवसभर दुसऱ्यांच्या मोबाईलमधल्या चुका शोधून पगार घेणारी, मी काय केलं? त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शहाण्यासारखं म्हटलं, "मामा, वय होतं रे. साठी उलटली. आता आराम कर." तो म्हणाला, "हं." एवढंच. माझ्या अ‍ॅपमध्ये काही चूक असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी तपासलं होतं ना!

बाईंनी मग निर्णय घेतला. या नाटकाचा शेवटचा प्रयोग मामाने करायचा, पुढच्या नाटकाला दुसरा माणूस.

तो आमच्याकडे आला एका रविवारी सकाळी. आई वरणाची फोडणी करत होती, मी भांडी पुसत होते. मामाने टॅब टेबलावर ठेवला. "शेवटचा प्रयोग झाला की हा नव्या माणसाला द्यायचाय. तू जरा नजर टाकून ठेव. आवाज सगळे आहेत, बघ, एकही पुसलेला नाही." आणि मला खात्री पटवायला तो एकेक बटण दाबून दाखवायला लागला. दार. बेल. ग्लास.

माझ्या हातात ताट होतं. मी सहज बघत होते. अंगठा काठावर टेकलेला मला स्पष्ट दिसला, आणि बटण उजळलं नाही. अंगठा तसाच. मग उजळलं.

"थांब. परत दाब."

"का गं?"

"दाब म्हणते ना!"

त्याने दाबलं. तेच. मी ताट ठेवून तर्जनीने टकटक केलं, आवाज लगेच. मग मी त्याच्यासारखा टॅब डाव्या हातात धरला, अंगठा टेकवला आणि उचलला नाही. उशीर झाला. माझं वय चौतीस, माझे गुडघे डॉक्टरांनी न तपासताही उत्तम, आणि माझाही अंगठा अर्धा सेकंद मागे! 

"काय झालं?" मामाने विचारलं.

"काही नाही. साफसफाई करायला लागेल. गुरुवारपर्यंत ठेवते माझ्याकडे," मी म्हटलं. खरं सांगायला हवं होतं, पण आधी दुरुस्त करू आणि मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, लाज वाटली.

प्रकार असा होता. टॅबच्या काठावरून बोट आत सरकवलं की मागचं पान उघडतं, हे आपण सगळेच करतो. त्यामुळे काठाजवळ बोट टेकलं की यंत्र आधी विचारात पडतं, हा माणूस बटण दाबतोय की पान सरकवतोय? बोट झटकन उचललं तर त्याला उत्तर मिळतं आणि ते बटणाला लगेच कळवतं. पण बोट तिथेच ठेवलं तर ते वाट बघत बसतं, आणि बटणाला तोवर काहीच कळत नाही. मी दाबून लगेच उचलत होते. मामा उचलत नव्हता. ज्याने जन्मभर थांबून काम केलं, त्याच्याच वाट्याला हे यावं!

माझ्या शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "बटणं बोटभर आत घे, विषय संपला." मी त्याच्यावर अशी खेकसले की तो हेडफोन लावून बसला. आत घेतली की अंधारात ती सापडणार कशी? काठ हाच तर मामाचा डोळा. बटणं हलवायची नाहीत, यंत्रालाच सांगायचं की काठावर वाट बघू नकोस, बोट लागलं की आधी बटणाला कळव. चार ओळींचं काम, पण त्या चार ओळींनी चार दिवस नाचवलं. मी त्या आधी लिहायची, आणि पान पुरतं उघडलं की यंत्र आपला पहारेकरी पुन्हा काठावर उभा करायचं. शेवटी त्या ओळी पान उघडून झाल्यानंतर चालतील अशा ठेवल्या, तेव्हा कुठे जमलं. मोबाईलवर अगदी संथ व्हिडिओ काढून मोजलं. आधी अंगठा टेकल्यापासून बटण उजळेपर्यंत सेकंदाचे चार दशांश लागत होते. आता अंगठा आणि उजेड बरोबर.

गुरुवारी दुपारी पूर्ण तालीम होती, कारण धाकट्या भावाचा नट बदलला होता. मी ऑफिसातून सुट्टी घेऊन गेले. टॅब मामाच्या हातात दिला, "साफ केलाय," म्हटलं, आणि खाली मधल्या रांगेत बसून मोबाईलवर चित्रण सुरू केलं. मला त्याचा चेहरा बघायचा होता. वाटलं, पहिलं दार बरोब्बर वाजेल आणि तो चमकून खाली बघेल. माझ्या हुशारीची मला केवढी घमेंड!

नाटकातली बाई दाराकडे निघाली. तिचा हात दारापर्यंत पोचलाही नव्हता, आणि धाड!

मग बेल. फोनकडे बघायच्या आत फोन. ग्लास हातात असतानाच फुटला. पहिल्या अंकात अकरा आवाज, अकराही आधी. नवा नट हसू दाबत होता. अंक संपला तशा दिग्दर्शिकाबाई उठल्या, वर काचेकडे बघितलं आणि हात जोडले. "मामा, अहो आता आधी? मी काय करू सांगा!"

मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले. मामा खुर्चीत बसला होता, टॅब बाजूला ठेवलेला, दोन्ही हात मांडीवर.  "आता मलाच कळत नाही मी काय करतो ते," तो म्हणाला. "रविवारचा प्रयोगसुद्धा नको. मी बाईंना सांगून येतो."

"मामा, बस. बस आधी!" मी ओरडलेच. आणि मग सगळं सांगितलं. काठ, यंत्राचं वाट बघणं, माझी तर्जनी, त्याचा अंगठा. मी दुरुस्त केलं आणि त्याला सांगितलं नाही. दीड वर्षात तो आधी दाबायला शिकला होता, आणि यंत्र सुधारल्यावरही आधीच दाबत होता.

 मला वाटतं, त्याला ते पटलं नव्हतं. समजूत घालायला मी बोलतेय असं त्याला वाटलं असावं, कारण समजूत घालण्यात मी आधी नाव कमावलं होतंच. म्हणून मी तिथेच जमिनीवर बसले, चित्रण उघडलं आणि एकेक आवाज मोजला. आवाज कधी आला, हात दाराला कधी लागला. कागदावर आकडे लिहीत गेले. पहिल्या दाराला चार दशांश आधी. बेल, चार दशांश. फोनला थोडं कमी, ग्लासला चार. अकराच्या अकरा एका मापाचे, फरक पडला तर केसाएवढा.

"मामा, ज्याचा हात गेलाय त्याचे आवाज कधी लवकर येतील, कधी उशिरा येतील. तुझे सगळे सारखे लवकर आलेत. कुठल्याही मापाशिवाय, अंधारात, तू या यंत्राचा उशीर मोजून ठेवला होतास. मला चार दिवस आणि एक कॅमेरा लागला."

त्याने कागद घेतला, चष्मा लावला आणि आकडे वाचले. परत वाचले. मग विचारलं, "म्हणजे हात शाबूत आहे?"

"अरे, शाबूत काय विचारतोस!"

त्याने आपला डावा अंगठा वर करून बघितला. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. खालून बाईंनी हाक मारली. मामा काचेपाशी गेला आणि म्हणाला, "बाई, पहिला अंक परत घ्याल का? एकदाच."

घेतला. दुसऱ्या वेळी पाच जागेवर, सहा अजून आधी. दीड वर्ष अंगात मुरवलेलं एका दुपारी निघत नाही. शुक्रवार आणि शनिवार तो आमच्या घरी येऊन बसला. आई हातात वाटी घेऊन स्वयंपाकघरभर फिरायची, वाटेल तिथे थांबायची, वाटेल तेव्हा ओट्यावर ठेवायची, आणि तिने वाटी ठेवल्याबरोबर मामाने बेल वाजवायची. आईने त्याला छळायची एकही संधी सोडली नाही. वाटी ठेवते ठेवते म्हणत परत उचलायची. "बहीण आहेस की वैरीण?" मामा म्हणायचा. पण तो हसत होता.

रविवारी दुपारचा शेवटचा प्रयोग. मी त्याच्या खोलीत मागे, भिंतीला टेकून उभी. दारं, बेल, ग्लास, सगळं जिथल्या तिथे. पण माझा जीव कपात अडकलेला. "दार उघडंच आहे," थोरला म्हणाला आणि कपाकडे बघायला लागला. शेवटचा प्रयोग म्हणून की काय, माणूस थांबला तो थांबलाच. मामाचा अंगठा काठाशेजारी, टॅबच्या बाहेर. मी श्वास मोजत होते. सहा. सात. कप खाली यायला लागला आणि टेबलापासून वीतभर वर पुन्हा थांबला. असं त्याने कधीच केलं नव्हतं. माझ्या तोंडातून आवाज निघणार होता, मी ओठ चावले. मामा हललासुद्धा नाही. त्याचे डोळे कपावर होते आणि तोही त्या नटाइतकाच निवांत वाटत होता.

कप टेकला. गोळी सुटली.

सातशे माणसांत कोणी खोकललंही नाही. माझ्यापुढे मामाचे खांदे हळूच खाली आले.

प्रयोग संपल्यावर बाई धापा टाकत जिना चढून आल्या. गुरुवारीच मी त्यांना तो कागद दाखवला होता, तेव्हा त्या फक्त "रविवारी बघू" म्हणाल्या होत्या. आता दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मामा, नव्या नाटकाची तालीम बुधवारपासून. दुसऱ्या माणसाशी मी बोलते. माझं चुकलं, मी घाई केली."

"जाऊ द्या हो बाई," मामा म्हणाला. "तुम्हाला जे ऐकू आलं त्यावर तुम्ही बोललात. येतो बुधवारी."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा अजून ऊन होतं. रस्त्यात मी एकटीच बडबडत होते. कप कसा थांबला, लोक कसे गप्प झाले, त्या सहकाऱ्याचं तोंड आता कसं होईल.  मामाच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो थांबला.

"एक सांगू? बाईंनी मला घरी बसवलं, ते मला फारसं लागलं नव्हतं. त्यांना नाटक चालवायचंय. तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस ना, वय होतं रे मामा, ते लागलं. त्या दिवशी मी घरी गेलो आणि मलाही ते खरं वाटायला लागलं. यंत्र तुझं होतं, गं. एकदा उघडून बघायचंस."

 कोणालाही तोंडावर बोलणारी मी, खाली रस्त्याकडे बघायला लागले.

"चुकलं मामा माझं," मी म्हटलं.

"हो, चुकलं," तो म्हणाला.

आयुष्यभर प्रत्येकाला जाऊ दे म्हणणारा माणूस मला ते म्हणाला नाही. मी वाट बघितली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग तो आपल्या घराकडे वळला.